कॉइलच्या पोटात किती फ्लक्स?

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवहून मी पुन्हा तुमच्यासमोर आलो आहे. मागच्या भागात आपण एका सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पाहिलं. आज तीच तार गुंडाळायची, तिच्यातून प्रवाह सोडायचा आणि आत किती फ्लक्स तयार होतो याचा हिशोब करायचा. वही, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर चालेल.

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी माझी थोडी ओळख सांगतो. मी सैन्यातला निवृत्त अधिकारी. नोकरीचा बहुतेक काळ ईएमईत गेला, म्हणजे सैन्याची यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं चालू ठेवणाऱ्या कोअरमध्ये. आता मुक्काम बीरगांवात. एका बाजूला उरला, पुढे सिलतरा, अशा औद्योगिक वसाहतींच्या मधोमध हे गाव आहे. इथे स्पंज आयर्न तयार होतं, स्क्रॅप वितळतं, बिलेट ओततात आणि सळया लाटतात. १९५९ साली भिलाईला पहिली झोतभट्टी पेटली, तिथे कोक जळतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये मात्र ज्योत दिसत नाही. तांब्याच्या पोकळ नळीची एक मोठी कॉइल असते, नळीतून थंड पाणी वाहतं, कॉइलच्या आत मातीसारख्या रॅमिंग मासचं अस्तर आणि त्या अस्तराच्या आत १६०० अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड. ही इंडक्शन भट्टी. तिचं सगळं काम आजच्या विषयावर चालतं.

या भट्ट्यांवर काम शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांकडून मला तीन प्रश्न आले आहेत. पहिला: पुस्तकातलं सूत्र भट्टीच्या कॉइलला लावलं तर उत्तर बरोबर येतं का? दुसरा: भट्टीवर चढताना हातातलं कडं काढायला का लावतात? आणि तिसरा: अस्तर झिजलं की पॅनेलवरची फ्रिक्वेन्सी का वाढते? तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे कॉइलच्या पोटातला फ्लक्स.

आधी शब्द

मराठी शाळेच्या पुस्तकात कॉइलला कुंतल म्हणतात आणि लांब नळीसारख्या कॉइलला नालकुंतल. छत्तीसगडच्या हिंदी पुस्तकात तिचं नाव परिनालिका. शेडमध्ये सगळे कॉइलच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार.

दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. एक आहे चुंबकीय क्षेत्र, म्हणजे एखाद्या ठिकाणी बलरेषा किती दाट आहेत ते. त्याचं एकक टेस्ला. दुसरी गोष्ट फ्लक्स, म्हणजे एखाद्या चौकटीतून एकूण किती रेषा आरपार जातात ते. त्याचं एकक वेबर. क्षेत्र सगळीकडे सारखं आणि चौकटीला काटकोनात असेल तर फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ. पावसाची उपमा घ्या. पाऊस किती जोरात पडतोय ते क्षेत्र, आणि अंगणात ठेवलेल्या परातीत किती पाणी जमतंय तो फ्लक्स. परात मोठी केली तर पाऊस तेवढाच राहून पाणी जास्त जमतं. परात उभी धरली तर पाणी जमतच नाही.

टेस्ला हे फार मोठं एकक आहे. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० ते ५० मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे टेस्लाचे दशलक्ष भाग केले तर त्यातले ४०-५०. होकायंत्राची सुई तेवढ्यावर फिरते. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तुलनेला लागेल.

पुस्तकातलं सूत्र

कॉइल लांब आणि बारीक असेल तर आतलं क्षेत्र तीनच गोष्टींवर ठरतं: वेढे किती, प्रवाह किती आणि लांबी किती. वेढे गुणिले प्रवाह याला अँपिअर-वेढे म्हणतात. ते लांबीने भागा. दर मीटरमागे जितके अँपिअर-वेढे, त्याला १.२५७ ने गुणा. उत्तर थेट मायक्रोटेस्लात मिळतं. हा १.२५७ म्हणजे पुस्तकातला म्यू-नॉट, चार पाय गुणिले दहाचा उणे सातवा घात. मायक्रोटेस्लात मांडला की तो सोपा दिसतो.

आता या सूत्रात नसलेली गोष्ट बघा. त्यात व्यास नाही. कॉइल बोटाएवढी असो की पिंपाएवढी, सूत्र म्हणतं क्षेत्र तेवढंच. गोम नेमकी इथेच आहे. हे सूत्र अनंत लांबीच्या कॉइलचं आहे, आणि अनंत लांबीची कॉइल कोणत्याही दुकानात मिळत नाही.

घरी करण्याचा प्रयोग

११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या, बाथरूमच्या ड्रेनेजला वापरतात तो. ४० सेंटिमीटर लांब तुकडा कापा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची तांब्याची तार आणा आणि पूर्ण लांबीवर सारख्या अंतराने १०० वेढे घाला. बॅटरीला योग्य रेझिस्टर जोडून प्रवाह अर्धा अँपिअर ठेवा आणि मल्टिमीटरने तपासा. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ही कॉइल कधीही जोडू नका.

हिशोब असा. १०० वेढे गुणिले ०.५ अँपिअर म्हणजे ५० अँपिअर-वेढे. ०.४ मीटरने भागले की १२५. त्याला १.२५७ ने गुणलं की १५७ मायक्रोटेस्ला. हा पुस्तकी आकडा.

आता मोजून बघा. बहुतेक मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो, आणि तो वाचणारी फुकट अॅप्स मिळतात. पाइप पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा पाइपच्या दिशेने जाणारा भाग जवळजवळ शून्य होतो. मोबाइल पाइपच्या मधोमध सरकवा आणि पाइपच्या दिशेचं वाचन घ्या. मग बॅटरीची टोकं उलटी करून पुन्हा घ्या. दोन वाचनांमधल्या फरकाचा निम्मा म्हणजे तुमच्या कॉइलचं क्षेत्र. असं केल्याने मोबाइलमधल्या लोखंडी भागांचा आणि आजूबाजूचा परिणाम वजा होतो.

मधोमध १५७ नाही, १५१ च्या आसपास वाचन यायला हवं. मोबाइल सरकवत टोकाशी आणा, म्हणजे सेन्सर अगदी कॉइलच्या तोंडाशी येईल. तिथे जवळपास निम्मं, ७८ येईल. मोबाइलमध्ये सेन्सर बहुधा वरच्या बाजूला असतो. तो कुठे आहे ते एका छोट्या चुंबकाने आधी शोधून ठेवा.

टोकाशी निम्मंच का? याला सूत्राची गरज नाही. समजा दोन सारख्या लांब कॉइल टोकाला टोक लावून ठेवल्या. जोडावर उभं राहिलात तर तुम्ही एका दुप्पट लांब कॉइलच्या मधोमध आहात. तिथे पूर्ण क्षेत्र आहे. दोन्ही कॉइल सारख्याच, म्हणून प्रत्येकीचा वाटा निम्मा. आता एक कॉइल काढून टाका. उरलेल्या कॉइलच्या टोकाशी निम्मंच क्षेत्र उरलं.

आणि मधोमध १५७ ऐवजी १५१ का? कॉइल उभी कापली आहे अशी कल्पना करा. छेदात एक आयत दिसेल, एक बाजू कॉइलची लांबी आणि दुसरी तिचा व्यास. लांबीला त्या आयताच्या कर्णाने भागा. येणारा अपूर्णांक पुस्तकी आकड्याला गुणला की मध्यबिंदूवरचं खरं क्षेत्र मिळतं. आपल्या पाइपला ०.४ भागिले ०.४१५, म्हणजे ०.९६४. १५७ गुणिले ०.९६४ बरोबर १५१. कॉइल लांब आणि बारीक असेल तेव्हा कर्ण आणि लांबी जवळपास सारखे असतात, आणि तेव्हाच पुस्तक खरं बोलतं. शाळेत शिकलेला पायथागोरस इथे असा कामाला येतो.

आता भट्टी

हिशोबासाठी एक मध्यम आकाराची भट्टी समजू. कॉइलचा व्यास १ मीटर, उंची १.२ मीटर, वेढे १२, प्रवाह ५००० अँपिअर, फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ. आधी भट्टी रिकामी धरू. लोखंड नाही, बाहेर योकही नाहीत. हे प्रवाहाचे आणि क्षेत्राचे आकडे आरएमएस आहेत. शिखराचं मूल्य हवं असेल तर १.४१४ ने गुणा.

अँपिअर-वेढे ६०,०००. दर मीटरला ५०,०००. पुस्तकी क्षेत्र ६२.८ मिलिटेस्ला. आयताचा कर्ण काढा: १.२ आणि १ या बाजूंचा कर्ण १.५६. लांबी भागिले कर्ण ०.७७. म्हणजे मध्यबिंदूवर खरं क्षेत्र ४८ मिलिटेस्ला. पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारपट. भट्टीच्या तोंडाशी, अक्षावर, २९ मिलिटेस्ला.

आता फ्लक्स. एक मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. पुस्तकी क्षेत्राने गुणलं तर ४९ मिलिवेबर. पण आपण आत्ताच पाहिलं की क्षेत्र सगळीकडे सारखं नाही. टोकांशी रेषा बाहेर फाकतात, मधल्या छेदात अक्षापासून कडेकडे जाताना क्षेत्र थोडं वाढतं. प्रत्येक वेढ्यातून वेगळा फ्लक्स जातो. आपल्याला लागते ती सगळ्या वेढ्यांची सरासरी.

हा त्रास जपानी भौतिकशास्त्रज्ञ हांतारो नागाओका यांनी १९०९ साली सोडवला. शनीच्या कड्यांसारखी अणूची कल्पना १९०४ साली मांडणारे तेच हे नागाओका. आखूड कॉइलसाठी त्यांनी एका गुणकाचे तक्ते दिले. त्या गुणकाने पुस्तकी फ्लक्स गुणला की खरी सरासरी मिळते. पुढे १९२८ मध्ये हॅरॉल्ड व्हीलर या अमेरिकन इंजिनिअरने तक्त्यांची गरज न पडणारं सोपं सूत्र दिलं. आपल्या भाषेत ते असं: व्यास भागिले लांबी काढा, ०.४५ ने गुणा, त्यात १ मिळवा, आणि १ ला त्या उत्तराने भागा. कॉइल फार चपटी नसेल तर चूक एक टक्क्याच्या आसपास राहते.

भट्टीसाठी: १ भागिले १.२ म्हणजे ०.८३३. गुणिले ०.४५ म्हणजे ०.३७५. एक मिळवलं, १.३७५. एक भागिले १.३७५ म्हणजे ०.७२७. आता ४९.३ गुणिले ०.७२७ बरोबर ३५.९ मिलिवेबर. दर वेढ्यामागे सरासरी फ्लक्स हा.

उत्तर बरोबर आहे का ते तपासायचं. सैन्यात एक सवय लागते, कोणताही आकडा दोन रस्त्यांनी आल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुसरा रस्ता फॅराडेचा, १८३१ सालचा. फ्लक्स बदलला की प्रत्येक वेढ्यात व्होल्टेज तयार होतं. दोन पाय गुणिले ५०० म्हणजे ३१४२. गुणिले १२ वेढे, गुणिले ०.०३५९ वेबर. उत्तर साधारण १३५० व्होल्ट. कॉइलच्या टोकांवर मीटर लावला तर हा आकडा दिसायला हवा. पुस्तकी फ्लक्स घेतला असता तर १८६० व्होल्ट आले असते. पाचशे व्होल्टचा फरक! कॉइलबरोबर जोडायची कपॅसिटर बँक पुस्तकी सूत्राने काढली तर ८५६ मायक्रोफॅरड येते, खऱ्या हिशोबाने लागते १,१७५ च्या आसपास.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पुस्तकातलं सूत्र खोटं नाही, पण ते लांब कॉइलचं आहे. भट्टीची कॉइल जवळपास जितकी उंच तितकी रुंद. तिला नागाओकाचा गुणक लावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कडं का काढायचं

आमच्याकडे अनेक जण हातात तांब्याचं कडं घालतात. कुणी श्रद्धेने, कुणी सांधेदुखीसाठी. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर ते काढायला सांगतो, तेव्हा नव्या पोराला वाटतं ही उगाच शिस्त. चला, हिशोब करू.

कडं म्हणजे एका वेढ्याची कॉइल, टोकं जोडलेली. व्यास ६.५ सेंटिमीटर, तांब्याची जाडी ४ मिलिमीटर धरू. आपल्या रिकाम्या कॉइलच्या तोंडापासून ४० सेंटिमीटर वर, अक्षावर, क्षेत्र अजून १० मिलिटेस्ला आहे. हात तिथे गेला आणि कडं आडवं झालं, तर त्यातून जाणारा फ्लक्स ३३ मायक्रोवेबर. भट्टीच्या फ्लक्सच्या हजाराव्या भागाएवढा. दर सेकंदाला ५०० आवर्तनं, म्हणून कड्यात तयार होणारं व्होल्टेज साधारण ०.१ व्होल्ट. टॉर्चच्या एका सेलपेक्षाही पुष्कळ कमी.

पण कड्याचा विरोध किती? तांब्याचा रोध साधारण ०.२८ मिलिओहम. कडं स्वतः एक कॉइल असल्यामुळे त्याचा प्रेरणिक विरोधही धरायला हवा, तो ०.३७ मिलिओहम. दोन्ही मिळून ०.४६ मिलिओहम. इथे साधी बेरीज करत नाहीत, पुन्हा कर्ण काढायचा. प्रवाह येतो सव्वादोनशे अँपिअर. कड्यात उष्णता तयार होते १४ वॅट. कड्याचं वजन २३ ग्रॅम. एवढं तांबं १४ वॅटने सेकंदाला साधारण दीड अंश तापतं. वीस सेकंदांत तीस अंश. अंगाच्या तापमानावर तीस अंश मिळवा आणि मनगटाला चिकटलेल्या धातूचा विचार करा.

क्षेत्र दहापट कमी झालं, म्हणजे १ मिलिटेस्ला, तर उष्णता शंभरपट कमी होते, कारण ती क्षेत्राच्या वर्गावर चालते. म्हणून लांब उभ्या असलेल्याला काहीच जाणवत नाही आणि वाकून स्क्रॅप ढकलणाऱ्याला चटका बसतो. "मला तर कधी काही झालं नाही" असं सांगणारा जुना कामगार खोटं बोलत नसतो, तो फक्त दोन हात मागे उभा राहात आला आहे. बंद वेढ्याच्या आकाराचं काहीही असो, अंगठी, कडं किंवा गळ्यातली धातूची साखळी, ते आधी काढून ठेवायचं.

बाहेर किती अंतरावर किती

कॉइलच्या बाहेर रेषा पसरतात आणि क्षेत्र झपाट्याने घटतं. पुरेसं दूर गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. आपल्या रिकाम्या, योक नसलेल्या कॉइलच्या मध्यापासून बाजूला २ मीटरवर साधारण ५९० मायक्रोटेस्ला उरतात, ३ मीटरवर १७५. तुलनेला एक मापदंड सांगतो. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार ५०० हर्ट्झला कामगारांसाठी ६०० मायक्रोटेस्ला आणि सर्वसामान्य लोकांसाठी १६० मायक्रोटेस्ला. म्हणजे बाजूने बघितलं तर कामगाराला दोन मीटर आणि पाहुण्याला तीन मीटरहून थोडं अधिक.

मात्र तोंडाच्या वर चित्र वेगळं आहे. तोंडापासून एक मीटर वर, अक्षावर, अडीच मिलिटेस्ला येतात, कामगारांच्या मर्यादेच्या चौपट. भट्टी भरली की आणि कॉइलभोवती लोखंडी पत्र्यांचे योक असले की हे आकडे पुष्कळ खाली येतात. योक बाहेरच्या रेषांना परतीचा सोपा रस्ता देतात, म्हणून भट्टीचा सांगाडाही तापत नाही. त्यामुळे माझा हिशोब वाईटात वाईट स्थितीचा समजा. खऱ्या भट्टीभोवती क्षेत्र मीटरने मोजून जमिनीवर पिवळी रेघ मारायची. पेसमेकर बसवलेल्या माणसाला डॉक्टर आणि पेसमेकर बनवणारी कंपनी यांना विचारल्याशिवाय त्या शेडमध्ये पाठवूच नका. त्याच्यासाठी वरच्या मर्यादा पुरेशा नाहीत.

बाहेर सांडणाऱ्या या क्षेत्रापायी आपल्या महाराष्ट्रात एक अख्खी वेधशाळा हलवावी लागली होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्या प्रवाहांच्या क्षेत्राने नोंदी बिघडतील हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखलं आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. ती आजही चालू आहे.

सैन्यातला सुरुंगशोधकही हेच गणित पाळतो. त्याच्या थाळीतल्या कॉइलचा फ्लक्स जमिनीत जातो, धातूच्या तुकड्यात भोवरा प्रवाह फिरवतो, आणि त्या प्रवाहाचा इवलासा फ्लक्स परत थाळीत येतो. जाताना घनाच्या हिशोबाने घट, येतानाही तशीच. लहान वस्तू थाळीच्या मानाने खोल असेल तर खोली दुप्पट होताच सिग्नल चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून शोधक जमिनीलगतच फिरवायचा, हात दमला तरी उचलायचा नाही, हे जवानाच्या अंगात भिनवावं लागतं. जे कड्याला तापवतं तेच सुरुंग शोधतं, फरक फक्त प्रवाहाचा.

लोखंड आत आल्यावर

आता भट्टी भरू. थंड स्क्रॅप चुंबकीय असतं, ते फ्लक्सला ओढून घेतं. पण लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व संपतं. वितळलेलं लोखंड म्यू-नॉटच्या दृष्टीने हवेसारखंच. तरीही फ्लक्स त्यात मोकळेपणी शिरत नाही, कारण त्यात फिरणारे भोवरा प्रवाह उलटा फ्लक्स तयार करतात आणि मूळ फ्लक्सला बाहेर ढकलतात. ५०० हर्ट्झला वितळलेल्या पोलादात तो साधारण २७ मिलिमीटरच्या थरापुरताच उरतो. उष्णताही त्याच थरात तयार होते. आतलं लोखंड तापतं ते ढवळलं गेल्यामुळे.

म्हणजे भरलेल्या भट्टीत फ्लक्सला जागा किती? कॉइल आणि लोखंड यांच्यामधलं अस्तराचं कडं, आणि लोखंडाच्या कडेचा पातळ थर. अस्तर १० सेंटिमीटर जाड असेल तर ०.७८५ चौरस मीटरपैकी प्रभावी क्षेत्रफळ उरतं सुमारे ०.३२. बाहेरचा परतीचा रस्ता धरला तर तेवढ्याच प्रवाहाला फ्लक्स रिकाम्या भट्टीच्या साधारण निम्मा होतो.

आता तिसरा प्रश्न. अस्तर झिजून ७ सेंटिमीटर उरलं. लोखंड कॉइलच्या जवळ आलं, फ्लक्सची जागा ०.२४ चौरस मीटरवर आली. फ्लक्स कमी म्हणजे कॉइलचं इंडक्टन्स कमी, आणि कपॅसिटर तेवढेच. अशा वेळी फ्रिक्वेन्सी वाढते, इंडक्टन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. आजच्या पॅनेलमध्ये ती भट्टीच्या मागोमाग आपोआप सरकते. आपल्या आकड्यांनी वाढ येते १२ ते १५ टक्के. ५०० ची ५६० ते ५७५.

हा आकडा कुणाच्या तरी जिवाशी जोडलेला आहे. अस्तर फुटलं की लोखंड कॉइलपर्यंत पोचतं. तांब्याच्या नळीत पाणी आहे. पाणी आणि वितळलेलं लोखंड एकत्र आले की वाफेचा स्फोट होतो, आणि तो प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला पळायला वेळ देत नाही. म्हणून प्रत्येक हीटला, भट्टी ठरावीक पातळीपर्यंत भरलेली आणि लोखंड पूर्ण वितळलेलं असताना, व्होल्टेज, प्रवाह आणि फ्रिक्वेन्सी वहीत लिहा. अट तीच हवी, कारण पातळी आणि तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी बदलते. नव्या अस्तराच्या दिवसाचा आकडा पानाच्या माथ्यावर लिहून ठेवा. आकडा चढत गेला तर अस्तर झिजतंय. अचानक उडी मारली तर भट्टी रिकामी करून आत बघा.

ही वही दुसरा पहारेकरी आहे, पहिला नव्हे. पहिला पहारेकरी ग्राउंड लीक डिटेक्टर. तो सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास करून हीट काढायची, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. झिजेचा सरासरी आकडा एका कोपऱ्यात पडलेलं भोक दाखवत नाही, ते काम त्या डिटेक्टरचं. आणि भट्टी थंड असताना अस्तराचा व्यास पट्टीने मोजणं, हे या दोघांच्याही आधी.

उजळणी

एक, दर मीटरमागचे अँपिअर-वेढे गुणिले १.२५७, उत्तर मायक्रोटेस्लात. दोन, मध्यबिंदूसाठी लांबी भागिले आयताचा कर्ण. तीन, लांब कॉइलच्या टोकाशी निम्मं. चार, सरासरी फ्लक्ससाठी नागाओकाचा गुणक, व्हीलरच्या सोप्या रीतीने. पाच, फॅराडेच्या नियमाने व्होल्टेज काढून उत्तराची फेरतपासणी. सहा, आत धातू आला की क्षेत्रफळ पुन्हा मोजायचं.

आता गृहपाठ. आपल्या पीव्हीसी पाइपच्या कॉइलला नागाओकाचा गुणक लावा आणि सरासरी फ्लक्स काढा. उत्तर १.३ मायक्रोवेबरच्या आसपास आलं तर तुमची रीत बरोबर. मग त्याच तारेचे तेच १०० वेढे २० सेंटिमीटरमध्ये दाबून घाला आणि प्रवाह तोच ठेवा. मधलं क्षेत्र दुप्पट होईल का? आधी कागदावर काढा, मग मोबाइलने मोजा. क्रम उलटा करू नका.

जे भट्टीवर काम करतात त्यांनी आपल्या कॉइलचा व्यास, उंची आणि वेढे मोजून हाच हिशोब मांडावा, आणि आलेलं व्होल्टेज पॅनेलवरच्या आकड्याशी ताडून बघावं. रिकाम्या आणि भरलेल्या भट्टीतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पुढच्या भागात आपण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात शिरू. तिथे म्यू-नॉटला लोखंडाची जोड मिळते आणि गणित वेगळं वळण घेतं. तोवर वही जपून ठेवा. जय हिंद, जय महाराष्ट्र आणि आमच्या इकडचं, जय जोहार.